सुमनची शाल

पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस निसर्गात विरघळून जातो, असे म्हणतात. मी काही विरघळत नाही; परसात मला पाहताच बुलबुल उडतो. माझी बायको सुमन होती तोवर तो तिच्या पायाशी येऊन पपई खायचा.

ती गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. त्या बुलबुलाचा एक तरी फोटो हवा, म्हणून आज सकाळी तिची शाल डोक्यावरून घेऊन, पपई ठेवून बसलो. तो आला, अगदी पायाशी.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुमन, अगं किती हा गारठा! आत हो की!" आणि एकदम गप्प झाल्या.

मी वळलो नाही. दोघांनाही क्षणभर तसेच वाटू द्यावे, म्हणून श्वास रोखून बटण दाबले.

फोटोत माझी डावी चप्पल फार स्पष्ट आली आहे.