स्क्रूची डोकी

बंदूक मी कधी चालवलेली नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही अडखळत. त्यामुळे रायफल कशी पारखावी यावर मी लिहिणं आगाऊपणाचं आहे. आधीच माफी मागतो. पण एक रायफल मी नीट पाहिली होती, आणि ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

परदेशात क्लेटनला इंजिनिअरिंग शिकत असताना युनीच्या सुट्ट्यांत मी चार तासांवरच्या एका शेतावर कुंपणं दुरुस्त करायला जायचो. मालक साठीचा. रानडुकरं मारायची सरकारी कंत्राटं घ्यायचा, म्हणून त्याच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा परवाना होता. तो सहसा कुणाला मिळत नाही. त्याची जुनी रायफल थकली होती. गावातल्या दुकानात एक वापरलेली आली, तेव्हा त्याने मलाही त्याच्या युटमध्ये, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, बसवलं. मागच्या हौद्यात त्याची लाल कुत्री.

“डुक्कर अंगावर आलं की पहिली गोळी चुकते,” तो वाटेत म्हणाला. “दुसरी आपोआप चढली पाहिजे. नाही चढली, तर माझ्या बायकोला फोन तू करायचा.” आणि हसला.

रायफल तेलाने चकाकत होती. “एका म्हाताऱ्याची,” दुकानदार म्हणाला. “वर्षातून दोनदा बाहेर काढायचा.” चालवून बघायची सोय रविवारीच होती; आम्ही मंगळवारी गेलो होतो. मालकाने नळीत डोकावून पाहिलं, मग ती माझ्याकडे सरकवली. “इंजिनिअर, तू बघ.”

माझे वडील लेथवर काम करतात. जुनं मशीन घ्यायला गेले की ते रंगाकडे बघत नाहीत, स्क्रूच्या डोक्यांकडे बघतात. इथे स्क्रूच्या खाचांच्या कडा पार उडालेल्या. वर्षातून दोनदा निघणारी रायफल इतक्या वेळा उघडली कुणी, आणि कशासाठी? रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडाही झिजून गोल झालेला.

“काय, मेट?” मालकाने विचारलं.

मोठ्यांच्या सौद्यात तोंड घालू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात दुकानदाराला त्याच्याच दुकानात खोटं कसं पाडायचं? “छान आहे,” मी म्हणालो.

युटमध्ये सांगू म्हटलं. पण मालक इतका खुशीत शीळ घालत होता की जमलं नाही.

खरेदीची परवानगी यायला काही आठवडे लागणार होते. तोवर रायफल दुकानातच. म्हणजे वेळ होता. क्लेटनला परतल्यावर मी मेसेज लिहायचो, खोडायचो. शेवटी वडिलांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “तुला दिसलं ना? मग विचारल्यावर गप्प का बसलास? मोठ्यांचा मान ठेवायला नेलं होतं का तुला?”

लगेच मालकाला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. परवानगी लवकर मिळाली होती. डुक्कर अंगावर आलं, तेव्हा रिकामं काडतूस आत अडकलं, दुसरी गोळी चढलीच नाही. तो कसाबसा झाडावर चढला. घोटा मुरगळलाय, बाकी ठीक आहे. कुत्री मध्ये पडली होती. ती वाचली नाही.