‘खाडीकाठ’मधला ठ

गुरुवारी दुपारी माजिवड्याजवळच्या एका छोट्या आर्ट गॅलरीत गेलेलो. चित्रं बघायला नाही... भिंतीवर ‘खाडीकाठ’ हे प्रदर्शनाचं नाव चिकटवायला.

डोंबिवलीत माझं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. असल्या कामाला हल्ली मी स्वतः जात नाही, कारागीर जातात. पण ऑर्डरसोबत आलेल्या पत्रिकेत चार कलाकारांची नावं होती, आणि त्यात एक सुधाकरचं होतं.

सुधाकर म्हणजे माझा जुना पार्टनर. कल्याणला आम्ही दोघं पाट्या रंगवायचो. दुकानांचे बोर्ड, टेम्पोच्या पाठी, मोहने गावाकडच्या भिंतींवर साबणाच्या जाहिराती... पडेल ते काम. मग फ्लेक्स आला. मी मशीन घेतलं, तो कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागला. भांडण वगैरे काही नाही. भेटणं तेवढं राहून गेलं.

गॅलरीत शिरलो तर आतल्या खोलीत चौघं चहा पीत बसलेले. मी दाराशीच थांबलो. कान आमचे पहिल्यापासून तिखट... निम्मा धंदा त्यांच्यावरच उभा केलाय.

सुधाकर सांगत होता, “माझा एक पार्टनर होता. माझ्याहून देखणं अक्षर. गोल अक्षरं तर मी त्याच्यासाठी सोडून ठेवायचो.”

त्यांच्यात मातीची भांडी करणारी एक मुलगी होती. तिने हळूच विचारलं, “गेले का हो काका ते?”

“नाही गं... फ्लेक्सवाला झाला.”

सगळे हसले. दाराआड मीसुद्धा हसलो, पण हसता हसता ठसका लागला. खोकलोच.

त्याने वळून पाहिलं. केस पार पांढरे, पण हाक तीच. “विज्या! ये मेल्या, ये. आत्ताच ही तुला मारत होती!” ती पोरगी बिचारी लाजून लाल.

मी स्टिकरची गुंडाळी पुढे केली. त्याने अक्षरांच्या कडांवरून बोट फिरवलं. “छान कापलंय रे,” म्हणाला. टोमणा नव्हता, मनापासून म्हणाला. तेच जास्त लागलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “दोरी आहे का रे?”

पाटी लिहायच्या आधी आम्ही निळीत घोळवलेली दोरी भिंतीवर ताणायचो. दोघांनी दोन टोकं धरायची, एकाने मधे चिमटीत खेचून सोडायची... सरळ रेघ उमटते. त्यावर मग अक्षरं बसवायची.

त्याने पिशवीतून दोरी काढली. “आहे ना. पण हल्ली एक टोक खिळ्याला बांधतो.”

गॅलरीच्या मॅडम गोंधळल्या. “अहो, आणि स्टिकर?” म्हटलं, मॅडम, ऑर्डर कॅन्सल समजा. त्या हसल्या. “लिहा बापडे. शो संपला की भिंत पांढरी करतोच आम्ही.”

एक टोक त्याने धरलं, एक मी. त्याने मोकळ्या हाताने दोरी खेचली, सोडली... टप्प! दुकानात दिवसभर मशीन घरघरत असतं. हा आवाज आपल्याला हवा होता, हे तो ऐकेपर्यंत मला माहीतच नव्हतं.

सुधाकरने ‘खाडीका’ झरझर लिहिलं आणि थांबला. ब्रश माझ्याकडे धरला.

“गोल तुझं.”

“हात गेला रे माझा...”

“मग? माझे डोळे गेलेत. मी लिहिलं की नाही? चल, नाटकं करू नको.”

पूर्वी श्वास रोखला की दोन फटकाऱ्यांत ठ व्हायचा. परवाही श्वास रोखला. पहिला फटकारा बरा गेला, दुसरा अर्ध्यातच हलला. मी पुसायला फडकं मागितलं. सुधाकरने ते स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि चहा सांगायला निघून गेला.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. जमलं तर नक्की जा... सुधाकरची मिठागरांची चित्रं बघा, त्या मुलीची भांडी बघा, सगळ्यांनी जीव ओतलाय. शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर नाव दिसेल. त्यातला शेवटचा ठ जरा कलंडलाय.

तो माझा.