कोरडा बिछाना

आजारी माणसाच्या घरात पाहुणा आधी नाकाने शिरतो. तोंडाने "आता कसं आहे?" विचारतो, पण नाक आपलं काम करत असतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आईच्या खोलीत दोन श्वास घेऊन खूश व्हायचा आणि म्हणायचा, "छान ठेवलंय हो. अजिबात वास नाही." मीही खूश व्हायचे. कोकणातल्या बाईची लेक मी, घर स्वच्छ म्हटलं की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.

लालबागला आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात आम्हा दोघींना वरच्या मजल्यावर घर मिळालं. वडील मिलमध्ये होते, ते चाळीतच गेले. टॉवरमध्ये येऊन स्थिरावतो न स्थिरावतो तोच आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज शाबूत होती, डावा हात चालत होता, गिळायला त्रास नव्हता. पण बोलायचं म्हणजे मान हलवायची, तेवढंच.

मी दादरच्या एका शाळेत शिकवते. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून नर्सिंग ब्युरोकडून चोवीस तास घरात राहणारी बाई ठेवली. पहिली दिवसभर मोबाइल बघायची. दुसरीने गरम पेजेने आईची जीभ भाजवली. मग या मावशी आल्या. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही तेच म्हणू लागले. काम स्वच्छ, आवाज गोड, सुट्टीची मागणी नाही. दगडापेक्षा वीट मऊ, असं मी पहिल्या आठवड्यात म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यात तर मला त्या विटेचं कौतुकच वाटायला लागलं.

तरी सकाळी घराबाहेर पडताना मी लिफ्टपासून एकदा तरी दारापर्यंत परत यायचे. चाळीत कुणाच्या घरात मूल रडलं तरी चार बायका विचारायला यायच्या. इथे दार लागलं की संपलं. आत माझी आई, जिला ओरडता येत नाही, आणि एक बाई, जिचं मला फक्त आधारकार्ड माहीत. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच माझा हात थांबायचा. आता या क्षणाला तिकडे काय चाललं असेल? मुलांना वाटायचं बाई विसरल्या.

भीतीवर मी माझ्या परीने उपाय काढला होता. आयुष्यभर पेपर तपासले, तर हेही तपासू. घरी आले की चपला काढून थेट आईजवळ. टाचा बघायच्या, पाठ बघायची, नखं, मानेच्या घड्या. आईला लघवी आवरत नव्हती आणि डायपरने अंगावर पुरळ उठायचं, म्हणून शेवटी गादीवर तळवा फिरवायचा. गादी नेहमी कोरडी. मावशी बाजूला उभ्या राहून म्हणायच्या, "बघा ताई, एकदम सुका. आजी मला त्रासच देत नाहीत." ब्युरोच्या मॅडमचा दर महिन्याला फोन यायचा, पाचपैकी किती गुण देणार म्हणून. वर्गात अर्ध्या गुणासाठी मुलांना रडवणारी मी, इथे पैकीच्या पैकी देऊन टाकायचे.

एकदा त्या मॅडम स्वतः पाहणीला आल्या. त्यांनीही आधी नाक वापरलं, मग चादर चाचपली, मग आईवर वाकून मोठ्याने विचारलं, "आजी, मावशी चांगलं बघतात ना तुम्हाला?" आईने आधी पायथ्याशी उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं आणि मग मान हलवली. मला वाटलं, किती माया लागलीय बघा हिला.

आई पाणी नीट पीत नाही, हे मला सुट्टीच्या दिवशी लक्षात आलं. रविवारीही मावशी घरातच असायच्या, रात्री झोपायच्याही आईच्याच खोलीत. मी तोटीचा कप आईच्या तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. जबरदस्ती केली तर मान फिरवायची. "माझ्याकडून पितात हो," मावशी म्हणाल्या, "तुमच्याकडे लाड करतात." कप मावशी लांब खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत, आजींचा हात लागून सांडतो म्हणून.

चाळीत आमच्या शेजारी राहणारी काकू आता आमच्या वरच्या मजल्यावर असते. तिला मी हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अगो, ती चाळीतली सवय गो. दिवे लागल्यावर आपण बायका कधी पाणी पीत होतो काय? काळोखात त्या टोकाच्या संडासापर्यंत जातला कोण? तुझी आई तर लग्नाला जायचं असलं की सकाळपासून घसा कोरडा ठेवायची."

खरंच होतं ते. गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास, तिथे दिवा असला तर असला, आणि दाराला कडी असेलच असं नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायका तहान मारायला शिकल्या होत्या, आईने मलाही शिकवलं होतं. काकूचं बोलणं मला इतकं पटलं की मी ते शाळेत सांगितलंसुद्धा. बघा, संडास घरात आला, पण आईच्या अंगातून चाळ जाईना. सगळ्या जणी हळहळल्या. पुढचे काही दिवस मी निवांत होते.

मग ऐन उन्हाळ्यात आईला ताप भरला. डोळे उघडे, पण ओळख नाही. हॉस्पिटलात नेलं तेव्हा मावशीही सोबत होत्या. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी आईच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"पाणी किती पितात या?"

मी तोंड उघडण्याआधी मावशी म्हणाल्या, "भरपूर, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बिछाना वरचेवर ओला होतो का?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि त्या वेळीही माझ्या आवाजात अभिमान होता, "कायम कोरडा असतो."

"मग भरपूर कुठून असेल?" ते शांतपणे म्हणाले. "पाणी आत गेलं तर बाहेर येणारच ना."

ज्या कोरडेपणाला मी पैकीच्या पैकी गुण देत होते, तो कोरडेपणा आईच्या आत होता.

आई घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडं साथ देणार नाहीत. मी शाळेतून रजा घेतली. मावशींना एकदम काढायचा धीर होईना. त्यांना बोलायचं तरी काय? आई माझ्या हातूनही ओठ मिटत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. काकूचं खरं असेल तर एका गरीब बाईच्या पोटावर पाय येणार, आणि काकूचं खोटं असेल तर मी माझ्या आईला कुणाच्या हाती दिली होती? दोन दिवस मी मावशींच्या हातांकडे बघत बसले. हात हळुवार होते. मला त्यांचीच भीती वाटू लागली.

शेवटी मी वाळवलेल्या मिरच्या आणि गरम मसाल्याची पिशवी मावशींच्या हातात दिली आणि त्यांना बाजारात मसाला कुटून आणायला पाठवलं. आमच्याकडे मसाला कुटताना समोर उभं राहावं लागतं, नाहीतर आपल्या मिरच्यांच्या जागी भलत्याच येतात. म्हणजे बराच वेळ मोकळा होता.

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मी कप भरून आईजवळ बसले. तिने ओठ मिटले. पण मान फिरवली नाही. माझ्या खांद्यावरून ती दाराकडे बघत होती.

"नाहीत त्या. मसाला आणायला गेल्यात."

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली, मग बाथरूमकडे. मी उठले. स्वयंपाकघरातला दिवा लावून दाखवला. बाथरूमचं दार सताड उघडून दाखवलं. तुळशीच्या बाल्कनीतही जाऊन आले. घरात आपण दोघीच आहोत हे मला माझ्या म्हाताऱ्या आईला असं सिद्ध करून दाखवावं लागत होतं.

मी परत आले तेव्हा तिने तोंड उघडलं होतं.

ती प्यायली. डाव्या हाताने कप धरला तो सोडेना. हनुवटीवरून पाणी गळत होतं. मी दुसरा कप भरला, तोही तिने संपवला. चाळीची सवय वगैरे काही नव्हतं. माझ्या आईला तहान लागली होती, इतके महिने.

थोड्या वेळाने चादर ओली झाली. मला कळण्याआधी तिला कळलं. तिने डोळे मिटले आणि डावा हात उचलून चेहऱ्यासमोर आडवा धरला. माझ्यापुढे. मला क्षणभर कळलंच नाही ती काय करतेय, आणि ती मार चुकवतेय हे कळलं तेव्हा मी मोठ्याने रडले.

"भिजू दे गं आई. किती भिजायचं तेवढी भिज. गादी फेकून देऊ."

मला बदलायला जमत नव्हतं. तिला कुशीवर वळवताना दोनदा हात निसटला. ती मुकाट्याने माझ्या तोंडाकडे बघत राहिली, राग येतोय का ते शोधत. कोरडं घालून झालं, उशी वर केली आणि मी पुन्हा कप भरला. या वेळी ती सावकाश पीत होती, चव घेतल्यासारखी.

बेल वाजली.

मावशींना उंबरठ्याच्या आत घ्यायचं नाही, त्यांची पिशवी बाहेर आणून द्यायची, ब्युरोला फोन नंतर, हे सगळं मी उठता उठता ठरवलं. आईला तसं सांगावं म्हणून मागे वळले.

तिच्या तोंडात घोट होता. तिने तो गिळला नव्हता. ओठ मिटलेलेच ठेवून, आवाज न करता, ती तो एका कोपऱ्यातून उशीवर सोडून देत होती, आणि डाव्या हाताने ती ओली जागा झाकत होती.