एमआरआयच्या फॉर्मवर मी केलेली खोटी खूण

खोटं लिहून वर देवाचं नाव घेणारी बाई मीच. हे कबूल करायला मला दीड वर्ष लागलं. आमचे हे म्हणतात, "झालं गेलं, आता कशाला उगाळतेस?" पण ओझं माझ्या मनावर आहे, म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. लग्नानंतर पोटासाठी इकडे आलो आणि चऱ्होलीत घर केलं. हे चाकणच्या एका कंपनीत ग्राइंडिंगला होते. लोखंडाचे भाग घासून गुळगुळीत करायचे, दिवसभर ठिणग्यांपुढे उभं राहायचं. बोलणं अगदी कमी. दोघांच्या वाटचं मीच बोलते असं शेजारणी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. तर या माणसानं गुडघ्याच्या वरची ठणक चार महिने कुणाला सांगितली नाही. मी म्हणायचे, "अहो, लंगडताय तुम्ही." हे म्हणायचे, "शिफ्ट होतेय ना? मग झालं." शेवटी सूज पँटमधून दिसायला लागली तेव्हा मीच ओढत दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि मांडीच्या हाडाचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. कागदावर गुडघा काढून दाखवला. म्हणाले, "रोग हाडातच असेल तर तेवढं हाड काढून आत धातूचा सांधा बसवू, पाय राहील. पण सांध्यात शिरला असेल तर पाय वाचवणं अवघड आहे. एक्स-रेत ते नीट कळत नाही, एमआरआयमध्ये कळेल." त्या दिवसापासून माझ्या तोंडात एकच शब्द राहिला. पाय.

आमचं कुलदैवत खंडोबा. रविवारी देवाला भंडारा वाहिल्याशिवाय मी चहाचा घोटही घेत नाही. त्या रविवारी नाही वाहिला. देव्हाऱ्यासमोर उभी राहून सरळ विचारलं, "इतकी वर्षं तुझं केलं ते काय याच्यासाठी? आंधळा आहेस का रे तू?" असं देवाला बोलवतं का? पण बोलले मी.

एमआरआयला पहिल्यांदा गेलो तेव्हा रक्ताचा एक रिपोर्ट राहिला म्हणून परत पाठवलं. पुढची तारीख आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत मला वाटायचं, रोग हाडातून एकेक पाऊल सांध्याकडे सरकतोय आणि मी इकडे भाकऱ्या थापत बसलेय. दुसऱ्या वेळी सगळे कागद दोनदा मोजून पिशवीत घातले. रिक्षात बसताना म्हटलं, "देवा, आज काहीही झालं तरी ह्यांना आत जाऊ दे. एवढंच कर."

तिथल्या मुलीनं फॉर्म दिला. ह्यांचा चष्मा घरी, म्हणून भरायला मी. शरीरात पेसमेकर आहे का, नाही. कुठे रॉड, स्क्रू? नाही. धातू घासण्याचं काम करता का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? इथे माझं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यात कण उडाला होता. कंपनीतल्या माणसानं कापसानं पुसला आणि म्हणाला, निघाला. पण मला फॉर्मांचा अनुभव आहे. एका ठिकाणी 'हो' लिहिलं की वर दहा कागद मागतात. पुन्हा आठ दिवस? छे! मी 'नाही'वर खूण केली. त्या मुलीनं विचारलं, "ताई, सगळं नाही? नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

ह्यांना कपडे बदलायला आत नेलं. शेजारी गावाकडची एक आजी बसली होती. आत जाणाऱ्या ह्यांच्या हातांकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं मालक लोखंड घासायला हायत व्हय? हातावरचं काळं ठिपकं बघितलं. माझा ल्योक बी त्याच कामाला. त्याच्या डोळ्यात बारीक कण ऱ्हायला हुता, त्याला ठावं बी न्हाई. आधी डोळ्याचा फोटू काढला, म्हून वाचला. न्हाईतर त्या मशिनीतलं चुंबक कण आतल्या आत वढतंय म्हनं. तुमच्या मालकांचा काढलाय न्हवं फोटू?"

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पुन्हा तारीख जाणार, पाय जाणार, हेच डोक्यात. खरं सांगते, तेवढ्या वेळात मी गप्प बसायचं ठरवलंसुद्धा होतं. आणि मग आतलं दार लोटल्याचा आवाज आला. मी उठून धावले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. "थांबा! ह्यांना आत नेऊ नका! मी खोटं लिहिलंय!"

आतला माणूस भडकला, आणि भडकायलाच हवा होता. मग त्यानं डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. उजव्या डोळ्यात मोहरीपेक्षा लहान, पांढरा शुभ्र ठिपका. तो म्हणाला, "ताई, तसंच आत घेतलं असतं तर डोळा गमवायची वेळ आली असती." मी बाहेर आले तेव्हा आजींना कुणीतरी घेऊन गेलं होतं. साधं पाणीसुद्धा मी त्यांना विचारलं नव्हतं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी कण काढला. एमआरआय झाला तो बारा दिवसांनी. रोग सांध्यात शिरला होता.

मी हाडाच्या डॉक्टरांना विचारलं, "या बारा दिवसांमुळे झालं का?" ते म्हणाले, "नाही. तो फार आधी पोचला होता." कधी मन ते मानतं, कधी मानत नाही. तिथेच मी रडायला बसले. तेव्हा आमचे हे, एरवी तोंडातून शब्द न निघणारे, म्हणाले, "अगं, दोन्ही डोळ्यांनी दिसतेयस मला. रडताना अजिबात चांगली दिसत नाहीस."

पाय गेला. माणूस राहिला. आता कंपनीत बसून तयार माल तपासतात, बारीकशी चीरही ह्यांच्या नजरेतून सुटत नाही.

देवानं माझं ऐकलं नाही. मी म्हटलं होतं, आज ह्यांना आत जाऊ दे. आणि तासाभरात माझ्याच हातांनी त्यानं ते दार बडवून घेतलं. काय मागायचं हे मला कळत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं. भंडारा अजूनही वाहते. मागत मात्र काही नाही. "तुला दिसतं, मला दिसत नाही," एवढंच म्हणते आणि त्याच्या पायावर डोकं ठेवते.