कुठल्या टोकाची आधी

शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून अक्षर वाकडं आहे आणि चुकाही असतील, माफी असावी.

आमच्या गावच्या मंगळवार पेठेत, घराच्या माडीवर कॉम्प्युटरवाले एकटेच राहायचे. मी त्यांचा डबा करायची. बोलायचे ते भिंतीकडे बघून. फाईलचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, काढायचा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. फाईलीत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलायचा. पण तो कसा चालतो ही त्यांनी लिहिलेली माहिती वाचून पुण्याच्या कंपनीतल्या लोकांनी तसाच प्रोग्राम बनवला, तर त्याच फाईलचा ठसा जुळेना. काम दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा आलं असतं तर त्यांच्या हातून गेलं असतं.

एका दुपारी त्यांनी ती माहिती मराठीत लिहून माझ्यापुढे ठेवली, सोबत ओळीने चार चिठ्ठ्या. एकेक चिठ्ठी म्हणजे एक बाइट, फाईलचा एक बारका तुकडा, म्हणाले. "वहिनी, लिवलंय तसं लावा की."

'पहिल्यापासून लावा' असं होतं. मी डावीकडून लावल्या. त्यांना उजवीकडून हव्या होत्या.

"मला काय कळतंय यातलं," मी म्हटलं.

"तुमचं न्हाय, माझं चुकलंय. पयली कुठल्या टोकाची, हे मी लिवलंच न्हाय की."

त्यांनी वाक्य खोडून 'उजवीकडची आधी' लिहिलं, खाली एक उदाहरण सोडवलं आणि मला पुन्हा लावायला लावलं. या वेळी बरोबर आलं.

पुढच्या महिन्यात ते जिन्यात थांबले. "जुळला ठसा, वहिनी."

"बरं झालं," मी म्हटलं. ते तसेच उभे राहिले. सांगायला आणखी कुणी नसावं. 'बसा, चहा घ्या' एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. मग ते वर गेले.