फक्त माझ्यासाठी केलेला झुणका

ईरा, निहार — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, आणि तुमच्या बाबांना तर नाहीच.

इंग्रजीत लिहिणार होते. परतूरच्या शाळेत जन्मभर तेच शिकवलं, मला ते सोपं. पण इंग्रजीत चूक कबूल करणं फार स्वस्त पडतं — एक शब्द टाकला की माणूस मोकळा. मला मोकळं व्हायचं नाही. म्हणून मराठीत लिहितेय. तुम्हाला अडखळत वाचावं लागेल. वाचा.

आणि आधीच सांगते, मला बिचारी समजू नका. म्हातारी एकटी असते, काहीबाही आठवत बसते — तसलं काही नाही. जे केलं ते चांगलं शुद्धीत केलं.

मागच्या वेळी व्हिडिओ कॉलवर निहार म्हणाला, "आजी, मम्मीला ना पाहुण्यांची ॲलर्जी आहे! कुणी आलं की लगेच बाहेरून मागवते." सगळे हसले. मीही हसले — माझी कवळी दिसेपर्यंत हसले. तुमची आई मागे ओट्याजवळ उभी होती. ती हसली नाही, वळलीही नाही. मला वाटतं, तिथून हे सुरू झालं. नाही, खोटं. सुरू फार आधी झालं होतं, मी फक्त बघत नव्हते.

माझ्या आईचा एक नियम होता. लेकाच्या असो की लेकीच्या, मुलांच्या घरी उपाशी पोटी जायचं नाही. पोट भरलेलं असलं की मान ताठ राहते. तिला तो नियम का लागला असेल, हे मी कधी विचारलं नाही. मला तो हत्यारासारखा उपयोगी पडला. तुम्ही कधी पाहिलंय — समोर ताट वाढलेलं आहे, वाढणारी उभी आहे, आणि पाहुणी गोड हसून म्हणते, "मी जेवून आलेय गं"? त्याहून सभ्य थप्पड मला माहीत नाही.

तुमच्या बाबांनी सरिताशी लग्न ठरवलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. मी सुशिक्षित ना! तिच्या घरचे मूळचे राजस्थानचे, जैन, पण जालन्यात पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचं दुकान. तिची मराठी आपल्याइतकीच इथली. माझा राग धर्माचा नव्हता, जातीचा नव्हता. मग कशाचा होता? माझ्या मुलानं मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. एवढाच. हा राग मी कांद्यावर काढला. तिच्या माहेरी कांदा-लसूण चालत नाही, म्हणजे माझ्या मुलाला आता मिळमिळीत खावं लागणार — हे मी शाळेत, देवळात, भाजीवालीकडे, सगळीकडे बोलून घेतलं.

लग्नानंतर त्यांनी जालन्यात भाड्यानं घर घेतलं आणि एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. तिचं आम्हाला घातलेलं पहिलं जेवण. तुमचे आजोबा आणि तीर्थपुरीच्या मंगलआत्या, म्हणजे आजोबांची बहीण, आदल्या दिवशीच पोचले होते. मी मागून एकटी निघाले. वाटूर फाट्यावर बस थांबली. तिथे कढईतून कांदाभजी निघत होती.

मी उतरले. मी, जी मुलांना वर्गात सांगायची की स्टँडवरचं उघडं खाऊ नका! पण तिच्या घरी कांदा मिळणार नाही ना — म्हणून मी तो आधीच खाऊन जाणार होते. भुकेनं नाही. द्वेषानं खाल्ली ती भजी. तेलाला वास येत होता. तरी कागद रिकामा केला.

जालन्याला पोचले तर सरिता दारातच. ताट वाढून तयार. बट्ट्या, डाळ, चुरमा — सगळ्यांसाठी. आणि एका वेगळ्या छोट्या कढईत झुणका. कांदा घालून. शेजारच्या बाईकडून शिकली होती. कढई नवी होती आणि विळीही नवी, कारण त्या घरात तोवर कांदा चिरलाच गेला नव्हता. भाकरीसुद्धा ज्वारीची, कडेला फाटलेली. बोटावर भाजल्याचा फोड.

"आई, हा फक्त तुमच्यासाठी केलाय," ती म्हणाली. "मीठ मात्र चाखलं नाही मी. कमी-जास्त असलं तर सांगा."

काय म्हणाले असेन मी? "मी जेवून आलेय गं."

तुमचे आजोबा चिडले. "आगं, पोरगी सकाळपासून राबून राह्यली, अन्‌ तू काय लावलं हे? दोन घास तरी खा." म्हणून दोन घास खाल्ले. चांगला झाला होता. हे लिहायला मला आज दुपारपासून वेळ लागतोय — चांगला झाला होता. खमंग, मीठ बराबर. मी ताट सरकवलं.

संध्याकाळी मला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. बाबांनी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "बाहेर काही खाल्लं का?"

खोलीत सगळे होते. सरिता दाराची चौकट धरून उभी. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. घरून जेवून निघाले होते, मग इथला झुणका."

शरमेनं बोलले, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायला आवडायचं. पण शरम नव्हती. तिचा चेहरा उतरताना मला बरं वाटलं. पोटात कळ येत होती आणि मला बरं वाटत होतं.

पुढचं काम मंगलआत्यांनी केलं. बाकी कुणालाच काही झालं नव्हतं आणि झुणका एकटीनं मीच खाल्ला होता, मग आणखी काय शोधायचं? "सवय न्हाई ना तिला कांद्याची! रातीच चिरून ठिवला आसंल. शिळा कांदा म्हंजे जहर असतो, जहर!" सरिता म्हणाली, "नाही हो आत्या, सकाळी चिरला." एकदाच म्हणाली. तुमच्या बाबांनी कढई उचलली, झुणका कचऱ्यात ओतला आणि म्हणाले, "जमत नाही तर करायचं कशाला?"

मी डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. सगळं ऐकलं. एक वाक्य बोलले असते तर? वाटूर फाटा — दोन शब्दही पुरले असते. मी कुशीवर वळले.

मग ती गोष्ट पसरली. मी कुठे पसरवली? मी फक्त कुणी विचारलं की म्हणायची, "जाऊ द्या, नवीन आहे ती." किती समंजस सासू! ईरा, तुझ्या बारशाला मंगलआत्या परस्पर आचारी घेऊन आल्या आणि तुझ्या आईला तिच्याच स्वयंपाकघरात चहासुद्धा करू दिला नाही. ती तुला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसून राहिली. बायका मला म्हणाल्या, नशीबवान आहे हो तुमची सून, कामाला हात लावावा लागत नाही. मी मान डोलावली.

त्यानंतर तिनं आमच्याकडच्या कुणासाठी कधी स्वयंपाक केला नाही. ती भांडली नाही, रुसली नाही, नुसती थांबली.

तुम्ही सगळे परदेशी निघालात, त्याच्या आदल्या आठवड्यात मी जालन्याला आले होते. आठवतं? तिनं खानावळीतून जेवण मागवलं. प्रत्येक पदार्थ डब्यातून काढून वाटीत घातला, ताट नीट मांडलं, पाण्याचा तांब्या ठेवला. सगळं रीतसर. आणि म्हणाली, "बाहेरचं आहे, आई. घाबरू नका."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. ती खरंच माझ्या पोटाची काळजी करत होती.

भाजी तेलकट होती, पोळ्या चिवट. मी सगळं संपवलं. पुन्हा मागून घेतलं. "छान आहे," म्हणाले. तिच्या घरात हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला, आणि तो खानावळीच्या जेवणासाठी. ती "हो का," म्हणाली आणि आणखी एक पोळी वाढली.

तेव्हा ती समोर होती. तुम्ही दोघं बाबांबरोबर बाहेर गेला होतात, घरात आम्ही दोघीच होतो. तेव्हाही सांगितलं नाही.

हे तिला तुमच्या आधी कळायला हवं होतं. तिला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तिच्या मुलांना लिहिलं.