उतारावरची मुक्कामी गाडी

जामखेडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या गावात मोटारीच्या तीन गोष्टी अजून सांगितल्या जातात. पहिली लढाईच्या काळातली. कोळशावर चालणारी एक सर्व्हिस मोटार वाट चुकून ओढ्यात शिरली आणि तिला चार बैल जुंपून बाहेर काढावं लागलं. दुसरी दुष्काळाची. बाहत्तर साली पाऊस गेला, तेव्हा गावातल्या बायामाणसांनी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाऊन खडी फोडली, फाट्यापर्यंतचा रस्ता केला, आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्यानं एस.टी.ची लाल गाडी आली. तिसरी गोष्ट ती गाडी गेली कशी, याची. ड्रायव्हरनं ब्रेक नीट ओढला नाही म्हणून गेली, असं सांगतात. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी खोटी आहे. मी त्या गाडीचा कंडक्टर होतो.

मुक्कामी गाडी म्हणजे दिवस मावळताना शेवटच्या गावी पोचायची, रात्री तिथंच राहायची आणि पहाटे परत नगरकडे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावाकडं असे. कुणी नेमून दिलं नव्हतं, पण गावानं घरं वाटून घेतली होती. आज या घरची भाकरी, उद्या त्या घरची. दुपारपासूनच त्या घरात गडबड असे. पाव्हणं यायचे म्हणून.

पाव्हणं म्हणजे ड्रायव्हर. मी नव्हे.

हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. मी मॅट्रिक पास होतो. तो चौथीतून शाळा सोडलेला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. अंगानं थोराड, बोलणं कमी, हसणं जास्त. गाडी गावात शिरली की पोरं बॉनेटच्या पुढं पळत. बाया दारातून विचारत, "डायवरदादा, आमची गोळी आनली का?" कुणाची गोळी, कुणाच्या चपलेचा अंगठा, कुणाच्या बाळंतिणीचा डिंक, सगळं त्याच्या सीटमागच्या पिशवीतून निघे. माझ्याकडं कुणी काही मागत नसे. माझ्याकडं सुट्टे नसत, असाच माझा लौकिक होता.

आता विचार केला तर सरळ आहे. माझं काम मागण्याचं होतं, त्याचं पोचवण्याचं. मागणाऱ्यावर कोण जीव लावणार? पण तेव्हा हे सुचत नव्हतं. तेव्हा एवढंच दिसे की त्याच्या ताटातल्या वरणावर तूप आहे आणि माझ्या ताटातल्या वरणावर तेच तूप थोडं कमी आहे. खरंच कमी असे का, देव जाणे. मी मात्र रोज पाहत असे.

एकदा एका म्हातारीला मी सामानाचं तिकीट घ्यायला लावलं. तिच्या डोक्यावर कडब्याची पेंढी होती. नियम नियम असतो. ती उतरताना म्हणाली, "मास्तर, तुमी भगवंताच्या दारात बी तिकीट फाडताल." सगळी गाडी हसली. पुढं आरशात मला त्याचेही दात दिसले. रात्री तो म्हणाला, "मास्तर, म्हातारीचं मनावर घेऊ नका. मला बी तिचं लई ऐकावं लागतं." मला समजावण्याचा त्याचा तो सूर मला म्हातारीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

गाडी लावायची जागा गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर होती. त्या काळच्या गाड्यांच्या बॅटऱ्या पहाटेच्या गारठ्यात दगा देत. उतारावर लावलेली गाडी ब्रेक सोडून दगड काढला की आपोआप चालू लागे, आणि ड्रायव्हर गिअर टाकून इंजिन उठवी. त्यामुळे हँडब्रेक ओढलेला असला तरी पुढच्या चाकाला एक मोठा काळा दगड लावायचा, हे ठरलेलं. ब्रेक त्याचा, दगड माझा. उताराच्या खाली कोंडवाडा होता, आणि त्याच्या अलीकडं डाव्या हाताला विहीर. पाऊस झाला तरी विहिरीला अजून पाणी नव्हतं. पहाटे टँकर येऊन तिच्यात पाणी ओती आणि बायांची तिथं झुंबड असे.

दिवाळी उलटली होती. दुसऱ्या दिवशी गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला निघणार होती, राहात्याकडच्या कारखान्यांवर. त्या संध्याकाळी गाडी उतारावर उभी केली. तो खाली उतरतो न उतरतो तोच माणसं जमली. गावातल्या धनगरांनी त्याच्यासाठी एक घोंगडी विणली होती. काळी, काठाला पांढरी रेघ. एका म्हाताऱ्यानं ती त्याच्या खांद्यावर टाकली. कुणीतरी म्हणालं, "आता थंडी वाजली म्हनून गाडी चुकवायची न्हाई." तो लाजला. एवढा थोराड माणूस, मान खाली घालून नवऱ्यामुलासारखा उभा.

मी मागच्या सीटवर पैशांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. एकानं खिडकीतून डोकावून म्हटलं, "मास्तर, तुमी बी या की खाली. एका घोंगडीत दोघं मावताल."

परत हसणं.

त्याला दोन्ही दंडांना धरून जेवायला नेत होते. त्यानं चालता चालता मागं वळून विचारलं, "मास्तर, दगड लावला ना?"

"लावला," मी म्हणालो.

मी जागचा उठलोही नव्हतो. मला गाडी घरंगळायला नको होती, हे मी शपथेवर सांगतो. ब्रेक होताच, तो ओढल्याची करकर मी ऐकली होती. एक दिवस दगड नाही लागला तर काय होतंय, असं मनाशी म्हटलं. पण खरं असं की त्या क्षणी मला त्याच्या एका तरी हुकुमाला नाही म्हणायचं होतं, आणि तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती. मग जेवायला गेलो, जेवलो, आणि दगड विसरलो. विसरलो हे अर्धंच खरं. झोपण्यापूर्वी आठवला होता. मी कूस बदलली.

पहाटे ऊसतोडीची माणसं आली. टपावर बोचकी, भांडी, कोयत्यांचे भारे, तीन-चार शेळ्यासुद्धा. माणसं टपावर चढत होती, आत शिरत होती, गाडी हलत होती. मी दारात उभा राहून तिकिटं फाडत होतो. तो समोरच्या घराच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. गाडी हलली, तेव्हा मला आधी वाटलं, लोकांच्या चढण्यानं हलली. मग समोरचं घर मागं सरकलं.

तो ओट्यावरून कसा आला ते मला नीट दिसलं नाही. बशी फुटल्याचा आवाज आला. पळत्या गाडीचं दार उघडून तो आत शिरला आणि त्यानं स्टिअरिंग उजवीकडं पिळलं. डावीकडं विहिरीवर बाया होत्या. गाडी कोंडवाड्याच्या भिंतीत घुसली. पुढचा आस वाकला. गाडीतल्या एका म्हातारीचं मनगट मोडलं. त्याच्या कपाळाला खोक पडली. एवढंच. विहिरीवर गेली असती तर काय झालं असतं, हे त्या सगळ्या बायांना कळत होतं. एकजण त्याच्या कपाळाला पदर दाबून धरून रडत होती.

त्या गडबडीतही मी त्या पदराकडं पाहत राहिलो होतो. माझा हेवा कसला होता हे यावरून समजावं.

दोन दिवसांनी नगरहून चौकशीला साहेब आले. पारावर बसले, गाव भोवती. मला विचारलं, दगड लावला होता का? लावला होता, मी म्हणालो, बोजामुळं गाडी त्यावरून चढून गेली असेल. उतारावर दगडांना तोटा नव्हता. कुठला कुठून आला, कोण सांगणार?

मग त्याला विचारलं. तो उभा राहिला. म्हणाला, "दगड मास्तरांनी लावला हुता. शिकलेला मानूस हाय, खोटं न्हाई बोलायचा. ब्रेकच माझ्याकडनं पुरता ओढला गेला नसंल."

तो माझ्यासाठी खोटं बोलत नव्हता. त्याचा माझ्यावर विश्वास होता. स्वतःच्या हातावर नव्हता.

त्याला गाडीवरून काढून डेपोत गाड्या धुवायला लावलं. गावाचा मुक्काम बंद झाला, गाडी पुन्हा फाट्यावरूनच वळू लागली. स्वतः फोडलेल्या खडीवरून गाव पुन्हा पायी जाऊ लागलं. सुरुवातीला लोक हळहळले. पण दुखणाईत माणसं फाट्यापर्यंत खाटेवर न्यायची वेळ आली, तसं बोलणं बदललं. "त्यानं ब्रेक ओढला असता तर" हे वाक्य गावात रुळलं. कशातही कुचराई झाली की तेच म्हणायचे. वर्षभरानं त्यानं नोकरी सोडली आणि केडगावला सायकलीचं दुकान टाकलं. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली.

मागच्या उन्हाळ्यात तो गेल्याचं कळलं. मी केडगावला गेलो आणि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातातल्या शेंगा सोलत. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "भावजी, मला कशापायी सांगता? मला तर त्यांची कायमच खात्री हुती. ज्यांच्यापुढं त्यांचं नाव गेलं, त्यांच्यापुढं जाऊन सांगा."

म्हणून गेलो. आता गावात डांबरी रस्ता आहे, दिवसातून चार गाड्या येतात. पारावर माझ्या वयाचे चार-सहाजण होते, बाकी पुढच्या पिढीतले. मी उभा राहून सांगितलं. दगड लावला नव्हता. लावला म्हणालो. ब्रेक ओढलेला होता, एवढ्या बोजाला तो एकटा पुरला नाही.

मला वाटलं होतं कुणी शिवी देईल. एखादा चप्पल उचलेल. मी त्या तयारीनंच गेलो होतो.

मग एक म्हातारा म्हणाला, "मंजी त्या मानसाची काय बी चूक नव्हती." दुसरा म्हणाला, "माझी आय व्हती तवा विहिरीवर. त्यानं वाचिवली." तिसऱ्याला घोंगडी आठवली. चौथ्याला त्याचं हसणं. कुणाच्या घरी त्यानं काय आणून दिलं होतं, हे एकमेकांना सांगत बसले. एक जण म्हणाला, त्याच्या पोराला बोलवून घेऊ, यात्रेला नारळ-फेटा देऊ, गावापुढं सांगू. सगळे व्हय म्हणाले. एका तरुणानं मोबाईल काढून मला विचारलं, "बाबा, त्यांच्या पोराचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

होता. मी दिला. तो लिहून घेऊन पुन्हा त्यांच्यात जाऊन बसला. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. रागानंसुद्धा नाही. मी पाराच्या कडेला गाडीची वाट पाहत बसलो, ते त्याच्याबद्दल बोलत राहिले, आणि या वयातही माझ्या पोटात तेच जळायला लागलं.